खुंट्यावरचा दुसरा हात

‘ओडिसी’त होमरने सिसिफसची शिक्षा रंगवली आहे. तो प्रचंड धोंडा टेकडीवर रेटत नेतो, माथा जवळ आला की धोंडा घरंगळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याचा अपराध मात्र होमर सांगत नाही. मृत्यूला बेड्या ठोकल्याची कथा नंतरची. न संपणारे काम आधी दिसते, अपराध मागाहून. असे काम तेव्हा कुणाच्या वाट्याला येई, तेही याच काव्यात आहे. ओडिसियसच्या वाड्यात बारा बायका दळतात. बाकीच्या दळण उरकून निजल्या आहेत. सर्वांत अशक्त बाई पहाटे एकटीच दळते आहे. ती झ्यूसकडे मालकिणीच्या उन्मत्त मागणीदारांचा नाश मागते. तिच्या दळणाला हात लावायला कुणी येत नाही.

गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरची दासी. दळणकांडण तिलाही सुटले नव्हते, पण तिच्यासोबत विठ्ठल दळू लागतो. या कथेचे कूळ मला जात्यातच दिसते. खालची तळी स्थिर, वरची फिरती, तिच्या कडेला उभा खुंटा. दळण मोठे असले की दोघी समोरासमोर बसतात. एकीची ओढ संपते तिथे दुसरीची सुरू होते, आणि त्याच लयीत ओवी चालते. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 1129 च्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे कष्टाला गाण्याची जोड जनाबाईच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची. जात्यापाशी सोबतिणीची जागाही ठरलेली होती. जनीच्या कथेने तिथे देव बसवला.

देव भक्ताघरी राबल्याच्या कथा इतरही आहेत, असे कुणी म्हणेल. खरे आहे, एकनाथांघरी तो श्रीखंड्या होऊन पाणी भरतो. पण तिथे तो वेष पालटलेला गडी आहे, इथे खुंट्यावरचा जोडीदार. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा कथेने दास्य गोड होत नाही का? दळण हेच पुण्य, एवढेच कथा सांगत असती तर झाले असते. पण ती काम एकटीच्या आवाक्याबाहेरचे मानते आणि निम्मा भार थेट देवाच्या हाती देते. आल्बेर कामूने 1942 मध्ये सिसिफसला सुखी मानायला सांगितले, तरी त्याला एकटेच ठेवले. जनीच्या कथेला नुसते धैर्य पुरत नाही, वाटेकरी हवा असतो. आणि राबणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर तीच मागणी अधिक न्यायाची आहे.