बाप्तिस्म्याचे पाणी

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. राजेरजवाड्यांच्या इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी लिहिणार आहे ते पाण्याविषयी.

गेल्या वर्षी आपल्या मानपाड्यातील एका शेजारीणबाईंच्या सुनेचा बाप्तिस्मा होता. मी त्या धर्मातली नव्हे. शेजारधर्म म्हणून गेले. मंडळी नवी आणि वाढती, जागा भाड्याची, तिसऱ्या मजल्यावर. कॅथलिकांकडे तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी ओततात, तेथे तांब्याभर पाण्यात भागते. या मंडळीत मोठ्या माणसांना पूर्ण बुडी देण्याची रीत. त्यासाठी प्लास्टिकची मोठी टाकी आणलेली होती, पण घोडबंदर रस्त्यावरचा टँकर कधी वेळेवर येतो का! बायकांना ओले कपडे बदलायला आडोसा नव्हता. शेवटी दोघींनी चादर धरायची ठरले. त्यांतली एक मी. तशी उभी असताना मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

तसे पाहिले तर बाप्तिस्म्याचा हिशेब आपल्या ठाण्याला फार जुना आहे. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचे अवशेष सोपाऱ्यास नेऊन पुरणारा जॉर्डानस नावाचा धर्मोपदेशक होता. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांचा बाप्तिस्मा झाला. वसई-ठाण्याच्या पट्ट्यात पाण्याची ददात नाही. खाडी आहे, तळी आहेत. त्याला पाणी शोधावे लागले नसेल.

रमाबाईंचे तसे नव्हते. स्वतः त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला, लहानग्या मनोरमेसह. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले व दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली तेथे मोठे वादळ उठले. मुलींना फूस लावून ख्रिस्ती करतात असा बोभाटा झाला, रानडे-भांडारकरांसारखी माणसे सल्लागार समितीतून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे एवढेच होते, की सक्ती कोणावर नाही, मात्र माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. या प्रकरणात दोन्ही बाजू समजून घ्याव्यात असे मला वाटते. तरी एक गोष्ट खरी, की त्यानंतर रमाबाईंच्या छत्राखाली होणाऱ्या प्रत्येक बाप्तिस्म्याकडे साऱ्या पुण्याचे डोळे लागले.

अशात १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे नियम कडक. एवढी माणसे ठेवण्यास मनाई झाली. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर, दौंडच्या अलीकडे, नेले. तेथे आधी तंबू-झोपड्या, मग मुक्ती सदन. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या होत्या, पण एवढ्या जणींच्या पिण्याचे, स्वयंपाकाचे, धुण्याचे पाणी त्यातूनच. विहिरीत बुडी कोण देणार? बाप्तिस्म्यासाठी भीमा नदी गाठावी लागे, काही मैलांवरची. बैलगाड्या जोडून मुली निघत. एकेका वेळी शंभराच्या घरात मुली! भीमेचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे: पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात वाळू. म्हणजे मुहूर्त पंचांगाने नव्हे, नदीने ठरवायचा. आणि परतीची वाट तेवढीच लांब. धुणी बडवून आलेल्या कोणत्याही बाईला विचारा, ओले वस्त्र अंगावर घेऊन मैल न् मैल जाणे म्हणजे काय ते.

पण मला अधिक कठीण वाटते ते दुसरेच. शंभर जणींची रांग लागली, की प्रत्येकीला थांबून विचारायचे कसे, बाई, हे तू मनाने करतेस ना? अन्नासाठी आलेल्या मुलीला हे विचारले गेलेच पाहिजे, नाहीतर पुण्याचा बोभाटा खरा ठरतो. पाणी मिळते, गाड्या मिळतात, वेळ मात्र दर माणसामागे कमी होत जातो.

आमच्याकडे टँकर दुपारी दीड वाजता आला. लोक कंटाळले होते, मुले रडत होती. शेजारीणबाईंच्या सुनेचा नंबर शेवटचा. मला वाटले, आता पाळक उरकून घेतील. त्यांनी टाकीतच उभे राहून तिला तिचे नाव विचारले, मग प्रश्न विचारला आणि गप्प उभे राहिले. तिने खाली पाहिले, थोडा वेळ घेतला. चादर धरून माझे हात भरून आले होते. मग ती "होय" म्हणाली.