नकोसा गंज, हवासा गंज

चाकणच्या पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्याला फॉस्फेट समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या ‘सेव्हन टँक प्रोसेस’मध्ये पत्र्याचं तेल निघतं, गंज निघतो, मधे मधे धुणं होतं आणि मग येतं फॉस्फेटिंग. पत्र्यावर करडा, बारीक स्फटिकांचा थर बसतो. रंग त्याला घट्ट धरतो, गंज लांब राहतो.

ही युक्ती बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेटची. फॉस्फरिक आम्लात लोखंडाचा कीस घालून लोखंडाला गंजापासून वाचवायच्या पद्धतीचं पेटंट त्याने 1906 मध्ये घेतलं. पुढे डेट्रॉइटच्या मोटारधंद्याने ती उचलली. आपल्याकडे 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-आकुर्डीत गाड्यांचे कारखाने आले, 1999 मध्ये बजाज चाकणला पोचली. जिथे गाडीचा पत्रा, तिथे फॉस्फेटची टाकी.

आता शिफ्ट संपवून घरी या. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आत प्रवाळ. इथे फॉस्फेट माशांच्या खाण्यातून येतं, आरओ न केलेल्या नळाच्या पाण्यातूनही येऊ शकतं. लिटरमागे 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमपर्यंत बरेच जण चालवून घेतात. फार वाढलं की काचेवर शेवाळ चढतं आणि प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा नीट बनत नाही.

यावरचा उपाय गमतीदार आहे: गंज! लोह हायड्रॉक्साइडचे तपकिरी दाणे, म्हणजे शिस्तीत बनवलेला गंजच. 1990 च्या दशकात जर्मनीत ते पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी तयार झाले. पाण्यातलं आर्सेनेट आणि फॉस्फेट रचनेने जवळजवळ भावंडं, त्यामुळे दाणे दोघांनाही पकडतात. लोखंड आणि फॉस्फेटची जी ओढ कारखान्यात पत्रा वाचवते, तीच इथे पाणी साफ करते.

नवखे मात्र पहिल्याच दिवशी अख्खी पिशवी ओततात. फॉस्फेट एकदम कोसळलं की प्रवाळ पांढरे पडू शकतात. शून्यही त्यांना मानवत नाही, कारण थोडं फॉस्फेट त्यांनाही लागतंच. दाणे आधी धुवायचे, थोडेच घालायचे, दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किट काढायचं. नळीतला निळा रंग जितका गडद, तितकं फॉस्फेट जास्त. ही निळ्या रंगाची चाचणी मर्फी आणि रायली यांनी समुद्राच्या पाण्यासाठी सोपी केली, तीही 1962 मध्येच.

दाणे भरले की फॉस्फेट त्यांना चिकटून कचऱ्याच्या डब्यात जातं. पण पाणी बदलताना मोरीत ओतलेल्या बादलीतलं फॉस्फेट ड्रेनेजमध्ये उतरतं, साबणाच्या आणि मैल्याच्या फॉस्फेटला जाऊन मिळतं. पवनेवर उन्हाळ्यात हिरवीगार जलपर्णी पसरते, तिचं खत हेच.