घरात एकाला सर्दी-ताप: उपचार आणि बचाव एकाच दिवशी

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरकडे पावसाळ्यात सर्दी-तापाचे रुग्ण वाढतात, थंडीत पुन्हा. सोयाबीन मळणीच्या धुळीनेही खोकला येतो, पण त्यात सहसा ताप नसतो.

बहुतेक सर्दी-ताप विषाणूंमुळे होतो. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, त्यामुळे ‘डॉक्टर, एक सुई मारूनच द्या’ हा आग्रह नको. विश्रांती, पातळ पदार्थ आणि तापाला पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरते. मात्र रुग्ण गरोदर, वयस्कर किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार असलेला असेल तर वाट पाहू नका. फ्लूवरचे ऑसेल्टामिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर जास्त उपयोगी पडते. दम्याचा पंप सर्दीतही चालूच ठेवावा.

बाकीच्यांचा बचाव त्याच दिवशी सुरू करा. रुग्णाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल द्या, सगळ्यांनी साबणाने हात धुवा. घर एकाच खोलीचे असेल तर खिडकी उघडी ठेवा, चुलीचा धूर टाळा आणि तान्ह्या बाळाला व आजी-आजोबांना रुग्णापासून जमेल तितके दूर झोपवा.

फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी घ्यावी. संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात. बाळांना न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रात मोफत मिळते: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना.

बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली गेली किंवा बाळ दूध पिईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. मोठ्यांना धाप लागली किंवा ओठ निळे पडले तरी तसेच.