झाडं किती लावली ते सांगता, बी कुठलं ते कोण सांगणार?

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. एक रोप, पाच हात, दहा मोबाईल. टिंगल करत नाही, मीही त्या फोटोंत असतो. पण 'किती लावली' याच्या पुढे एक प्रश्न आहे, आणि तो मला युरोपातल्या एका झाडाच्या इतिहासाने शिकवला.

झाडाचं नाव बीच. समुद्रकिनारा नव्हे! गुळगुळीत, राखाडी खोडाचा उंच वृक्ष. माणसाने हात लावला नसता तर आज जर्मनीचा बहुतेक भाग याच्याच सावलीत असता.

सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर युरोपवर बर्फाचा थर, आणि बीच दक्षिणेकडच्या मोजक्या उबदार कोपऱ्यांत जीव धरून. बर्फ हटला तसं ते उत्तरेकडे निघालं. पण झाड चालणार कसं? त्याच्या तिकोनी बिया उंदीर आणि कावळ्याच्या कुळातले पक्षी पुरून ठेवतात. काही विसरतात, त्या रुजतात. रानात वाढलेलं झाड फळायला चाळीस-पन्नास वर्षं घेतं. म्हणजे हा हजारो वर्षांचा प्रवास.

२००६ साली दोनातेल्ला माग्री या इटालियन संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी तळ्यांच्या गाळातले जुने परागकण आणि जिवंत झाडांची जनुकं एकत्र ताडून हा मार्ग शोधला. मध्य युरोपात पसरलेला बीच मुख्यतः आल्प्सच्या पूर्वेकडच्या, स्लोव्हेनियाच्या बाजूच्या कोपऱ्यातून आला. इटलीच्या दक्षिणेकडचा बीच मात्र तिथेच राहिला. दिसायला एकच झाड, पण घराणी वेगळी. त्यात पराग वाऱ्यावर उडतो, त्यामुळे शेजारपाजारच्या झाडांची सरमिसळ कायम चालू. एकाच जंगलातली दोन झाडंही सारखी नसतात.

मग माणूस आला. खाणी, मीठ, काच, कोळसा, सगळ्याला लाकूड. जंगलं उघडी पडली. १७१३ साली सॅक्सनीतल्या खाणींचे अधिकारी कार्लोविट्झ यांनी पुस्तक लिहून बजावलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. विचार सोन्यासारखा. पण पुढच्या शतकात त्याची अंमलबजावणी झाली ती हिशेबनीसाच्या डोक्याने. लवकर वाढणारं, सरळ, मोजायला सोपं झाड हवं. म्हणून कित्येक ठिकाणी बीच जाऊन स्प्रूसच्या रांगा आल्या.

बिल आलं २०१८ मध्ये. लागोपाठ दुष्काळ, मागोमाग साल पोखरणारे किडे. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात जर्मनीत सुमारे ५ लाख हेक्टरवरची झाडं गेली, त्यात मोठा वाटा स्प्रूसचा. बीचही ठिकठिकाणी वाळला. मात्र वाळलेल्या बीचला खेटून दुसरा बीच हिरवागार उभा. माती तीच, पाऊस तोच! हेसन राज्यात संशोधकांनी अशा दोनशेहून अधिक जोड्या तपासल्या. २०२१ चा निष्कर्ष असा की फरक जनुकांत होता. तोही एखाद्या 'जादूच्या' जनुकात नाही, तर अनेक जनुकांत विखुरलेला.

मग दक्षिणेकडचं, उन्हाला सरावलेलं बी आणून लावलं की झालं? इतकं सोपं नाही. १९९० च्या दशकात ठिकठिकाणचं बी एकाच शेतात लावून पाहिलं गेलं. आग्नेय युरोपातल्या रोपांना पालवी लवकर फुटते, आणि उशिरा आलेल्या कडाक्याच्या थंडीत ती करपू शकते. शेवटी खरा विमा एकच, जंगलात आधीच असलेली विविधता. ती जपा, झाडांना स्वतः बी टाकू द्या, बाहेरचं आणलंच तर थोडं आणि तपासून. युरोपात जंगली बियाण्याबरोबर त्याच्या मूळ जागेचा दाखला द्यावा लागतो, तो कायदाच आहे.

आता आपल्याकडे. १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले डिट्रिश ब्रँडिस, बॉनचे जर्मन. त्यांच्या मागून श्लिख आणि रिबेनट्रॉप, तेही जर्मन. वनखात्याची घडी यांनी बसवली. त्यातून शिस्त आली, नोंदी आल्या, आणि मोजता येणाऱ्या रांगांची सवयही आली. तिकडे स्प्रूस, इकडे साग.

ती सवय अजून गेलेली नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आकडा सगळ्यांना पाठ. त्यातलं बी कुठल्या डोंगरावरचं, किती झाडांचं, हे कुणी विचारलं? डोंगरांवर गिरिपुष्प फोफावलंय ते पाहा. मूळ मध्य अमेरिकेचं, फांदी खोचली की रुजतं. म्हणजे एका झाडाच्या शंभर फांद्या लावल्या तर शंभर झाडं नव्हेत, एकाच झाडाच्या शंभर नकला! देशी झाडाचंही तेच. सगळं बी रस्त्याकडेच्या एका जांभळाखालून गोळा केलं, तर हजार रोपं एकाच आईची.

म्हणून यंदा रोप घेताना रोपवाटिकेत एवढंच विचारा: बी कुठून आणलं? किती झाडांखालून? पंचवीस-तीस झाडं, एकमेकांपासून लांबची, असं उत्तर आलं तर त्या माणसाला नमस्कार करा. उत्तर आलं नाही तरी विचारत राहा. चार जणांनी विचारलं की पाचव्या वर्षी वहीत नोंद होते.

तुमच्या गावातली देवराई शाबूत असेल, तर खाली लिहा. बी तिथे आहे.