पनवेलमधील कुंपणभिंतींचे नियम

पनवेल (जिल्हा रायगड) येथील महानगरपालिका क्षेत्रातील कुंपणभिंतींना राज्य शासनाची ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ (२०२०) लागू आहे. विशेष परवानगीवाचून अशा भिंतीची उंची समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरहून अधिक ठेवता येत नाही. वरचा ०.९ मीटर भाग गजांचा किंवा जाळीचा, म्हणजे आरपार दिसणारा असल्यास २.४ मीटरपर्यंत मुभा मिळू शकते. तुरुंगांच्या भिंती या मर्यादेतून वगळल्या आहेत. कोपऱ्यावरील भूखंडाचे बंधन अधिक कडक आहे आणि ते रास्तही आहे. तेथे चौकालगत दोन्ही बाजूंस १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरच चालते; उर्वरित उंची गजांची असावी लागते. वळणाऱ्या चालकास आडव्या रस्त्यावरून येणारी वाहने व माणसे वेळीच दिसावीत, हा त्यामागील हेतू. फाटक रस्त्यावर न उघडता पूर्णपणे आतल्या बाजूस उघडले पाहिजे.

शेजाऱ्यांमधील तंटे मात्र बहुधा उंचीचे नसून हद्दीचे असतात. बांधकाम परवानगीने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. त्यामुळे भिंत घालण्यापूर्वी भूमि अभिलेख कार्यालयाकडून ‘हद्द कायम’ मोजणी करून घेणे हिताचे ठरते. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुंपणाने अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते.