पाणी हाच रनवे : उडत्या बोटींची गोष्ट

आज थेट एका प्रश्नापासून सुरुवात करू. १९३८ साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेलं प्रवासी विमान वाटेत राजस्थानातल्या राजसमंद तलावात का उतरायचं?

कारण ती ‘फ्लाइंग बोट’ होती. विमानाचं पोटच होडीच्या आकाराचं! जड विमानाला पेलेल असा लांब, पक्का रनवे तेव्हा फार थोड्या ठिकाणी होता. पाणी मात्र जागोजागी, आणि तेही आयतं. म्हणून इम्पीरियल एअरवेजने ‘एम्पायर’ बोटी बनवून घेतल्या. त्यातली पहिली, ‘कॅनोपस’, १९३६ साली उडाली. साउदॅम्प्टनहून निघायचं, कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशी ठिकाणं घेत सिडनी गाठायचं. नऊ-दहा दिवस लागायचे. रात्री मुक्काम हॉटेलात.

आता थाटाबद्दल. या विमानांचे जुने फोटो बघितले की आपण हरखून जातो. एम्पायर बोटीत उभं राहून खालचा देखावा बघायला वेगळी जागा होती. पॅन अ‍ॅमच्या बोईंग ३१४ मध्ये तर जेवणाची खोली, झोपायला बिछाने आणि शेपटीकडे खास दांपत्यासाठी खोली! २८ जून १९३९ रोजी ‘डिक्सी क्लिपर’ २२ प्रवासी घेऊन न्यूयॉर्कजवळून युरोपला निघालं. एकेरी तिकीट ३७५ डॉलर. म्हणजे सामान्य माणसाने नुसतं बघायचं.

पण मला विचाराल तर हा थाट म्हणजे संथपणाची भरपाई होती. माणसाला इतके तास, इतके दिवस विमानात ठेवायचं, तर पाय मोकळे करायला जागा द्यायलाच हवी ना!

मग दुसरं महायुद्ध आलं. सैन्यांनी जगभर लांबलचक रनवे बांधले. युद्ध संपलं, रनवे राहिले. चाकांवर उतरणारी नवी विमानं जास्त वेगवान होती. त्यांना लाटांची भीती नव्हती, खाऱ्या पाण्याने गंजण्याचा त्रास नव्हता, प्रवाशांना लाँचने किनाऱ्यावर आणायची कटकट नव्हती. पॅन अ‍ॅमने १९४६ मध्ये या बोटी थांबवल्या, ब्रिटिशांच्या बीओएसीने १९५० मध्ये.

बोईंग ३१४ एकूण १२ बनली. आज एकही शिल्लक नाही. थाट कमी पडला म्हणून ती गेली नाहीत. ज्या अडचणीतून ती जन्मली, ती अडचणच सिमेंटखाली गाडली गेली.

आपल्या हातातलं कुठलं यंत्र आज असंच एखाद्या अडचणीच्या जिवावर टिकून आहे? विचार करा. भेटू पुढच्या भागात!