केकच्या दोन थरांमधले तेल

चॉकलेट केकचे दोन-तीन थर, त्यांच्यामध्ये पीनट बटरचे घट्ट क्रीम आणि वरून पुन्हा चॉकलेट. अमेरिकेतील घरांत हा केक आज इतक्या सहजतेने केला जातो की तो पणजीच्या काळापासून चालत आला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात विसाव्या शतकापूर्वी तो घरी जमणे फार कठीण होते. त्यातील दोन्ही मुख्य पदार्थ तेलाने भरलेले आहेत, आणि त्या तेलाला वळण लावण्यात शंभर वर्षे गेली.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान येथे १९८७ साली वॉल्टर आल्वा या पुरातत्त्वज्ञाने मोचे संस्कृतीतील एका अधिपतीची कबर उजेडात आणली. त्याच्या अलंकारांत भुईमुगाच्या शेंगांची एक माळ होती : दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी शेंगेला हा मान होता. शेजारच्या इक्वेडोरमध्ये पाच हजार वर्षांहून जुन्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत. भुईमूग आणि कोको ही दोन्ही एकाच खंडाची लेकरे. पण केकमध्ये त्यांची भेट होण्याआधी दोघांनाही अटलांटिक महासागर ओलांडावा लागला.

भुईमूग पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत गेला आणि तेथे लवकरच रुजला. पुढे गुलामांच्या जहाजांबरोबर तो उत्तर अमेरिकेत पोहोचला. अमेरिकेच्या दक्षिणेत शेंगेला आजही ‘गूबर’ म्हणतात. हा शब्द मध्य आफ्रिकेतील ‘न्गुबा’वरून आलेला आहे. ज्यांच्यासोबत हे पीक आले त्यांची नावे नोंदींत उरली नाहीत, त्यांचा शब्द तेवढा उरला. कोकोचा प्रवास उलट दिशेचा : तो एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत गेला आणि तिथलाच झाला. आज जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो.

आता तेलाकडे वळू. कोकोच्या दाण्याच्या गरात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. त्यामुळे जुने चॉकलेट हे मुळात पेय होते, आणि त्यावर तुपाचा तवंग येई. ते पिठात नीट मिसळत नसे. १८२८ साली ॲमस्टरडॅमच्या कास्पारुस व्हॅन हाउटेन यांनी हा स्निग्धांश दाबून काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. उरलेल्या पेंडीची पूड म्हणजेच कोको पावडर. त्यांचा मुलगा कोएनराड याने ती क्षाराने सौम्य करण्याची रीत आणली. निघालेले कोकोचे लोणीही वाया गेले नाही : ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये त्याच्याच साहाय्याने साच्यात ओतलेली, चावून खाण्याची वडी बनवली.

चॉकलेटची पूड हाती आली तरी केक लगेच काळा झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ‘चॉकलेट केक’ म्हणजे चॉकलेट पेयासोबत खायचा पिवळा केक. नंतर चॉकलेट थरांच्या मध्ये आणि वर आले, आणि शतक सरता सरता ते पिठात शिरले. दरम्यान केक फुगवण्याचे कामही सोपे झाले होते. आधी अंडी तासन्‌तास फेटावी लागत, नाहीतर यीस्टची वाट पाहावी लागे. १८४६ पासून अमेरिकेत खाण्याचा सोडा कारखान्यातून येऊ लागला आणि १८५६ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी बेकिंग पावडरसाठी लागणाऱ्या आम्लयुक्त फॉस्फेटचे पेटंट घेतले. साधा, आम्लधर्मी कोको सोड्याशी भेटला की केक फुगतो आणि तांबूस काळा होतो. ‘डेव्हिल्स फूड’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या केकचा रंग असाच येतो.

शेंगदाण्याचे तेल मात्र अधिक हट्टी निघाले. मराठी स्वयंपाकघराला हा हट्ट चांगला ठाऊक आहे. दाण्याचे कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की कूट तेल सोडते आणि त्याचा चिकट गोळा होतो. आपल्याकडे ज्याला ‘कूट बिघडले’ म्हणतात, तीच पीनट बटरची पहिली पायरी.

१८८४ मध्ये माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी भाजलेल्या दाण्यांच्या अशा लगद्याचे अमेरिकी पेटंट मिळवले. तो लगदा त्यांनी साखर घालून मिठाईसाठी योजला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पावाला लावणे नंतरचे. १८९५ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. शाकाहारी रुग्णांसाठीचा हा लगदा ते दाणे भाजून नव्हे, उकडून करीत. चवीच्या दृष्टीने एडसन बरे, असेच म्हणावे लागेल.

पीनट बटर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शोधले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही, आणि त्यांच्या खऱ्या कामाला त्या श्रेयाची गरजही नाही. कार्व्हर यांचा जन्म गुलामगिरीतला. पुढे ते अलाबामातील टस्कीगी संस्थेत कृषिशास्त्रज्ञ झाले. वर्षानुवर्षे कापूसच घेतल्याने तिथली जमीन दमली होती. त्यातच बोंडे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने पीक उद्ध्वस्त केले. जमिनीत नत्र परत आणणारा भुईमूग लावा, असे कार्व्हर गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत. पण पिकवलेल्या शेंगांचे करायचे काय? म्हणून १९१६ मध्ये त्यांनी एक पत्रिका काढली. तिच्यात लागवडीची माहिती आणि शेंगदाण्याच्या १०५ कृती होत्या : सूप, पाव, बिस्किटे, मिठाया आणि केकसुद्धा. भुईमुगाने सावरलेल्या अलाबामातील एंटरप्राइज गावाने १९१९ मध्ये चौकात त्या भुंगेऱ्याच्याच नावाने स्मारक उभारले. शत्रूचे आभार मानणारी स्मारके जगात थोडीच असतील.

तरीही बरणीतील पीनट बटर टिकत नसे. तेल वर येई, खवट होई आणि खाली दगडासारखा गाळ बसे. दुकानदाराला पिंपात पळी घालून ते ढवळत राहावे लागे. १९२०च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्ड यांनी त्यातील तेलाच्या काही भागावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते सामान्य तापमानालाही घट्ट राहील, अशी युक्ती काढली. पुढच्या दशकात त्यांचे ‘स्किप्पी’ बाजारात आले. केक करणाऱ्या गृहिणीला आता सदा एकसारखे राहणारे पीनट बटर मिळू लागले.

चवीची सवय लावली ती पेनसिल्व्हानियातील हॅरी रीस यांनी. हर्शी कंपनीच्या गोठ्यांवर काम केलेल्या या गृहस्थाने १९२८ मध्ये हर्शीच्याच चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले, तेव्हा त्यांनी इतर मिठाया बंद केल्या आणि तेवढी एक ठेवली. १९६३ मध्ये रीस यांची कंपनी हर्शीमध्येच विलीन झाली. तोवर अमेरिकी मुलांच्या जिभेला ही जोडी पक्की झाली होती, आणि तीच घरच्या केकमध्ये उतरली.

आज हा केक करताना कोको पावडरवर उकळते पाणी किंवा कॉफी ओतली जाते. उरलेला स्निग्धांश त्या उष्णतेने सैल होतो आणि चॉकलेटचा वास मोकळा होतो. थर पूर्ण गार होईपर्यंत क्रीम लावत नाहीत, कारण कोमट केकवर लोणी वितळते. त्या क्रीमसाठी पाककृती बहुधा रोझफील्ड यांच्या पद्धतीचे, न फुटणारे पीनट बटरच मागतात. नुसत्या दाण्यांचे, वर तेल तरंगणारे पीनट बटर न ढवळता वापरले तर क्रीम फाटते, तेल खालच्या थरात झिरपते आणि वरचा थर हळूहळू एका बाजूला सरकू लागतो.